कलमाखाली

दारावर लिहिलंय : आत अंधार चालू आहे, उघडू नये.
खाली माझी सही, आणि सहीखाली कुणीतरी पेन्सिलीने :
मॅडम, बाहेरही.

आत बटाट्याची बावीस रोपं.
आठ तास उजेड, सोळा तास काळोख.
बाहेर पाषाणात मे महिना भाजत असताना
आम्ही त्यांना डिसेंबर सांगतो
आणि ती विश्वास ठेवतात.
म्हणजे पानं ठेवतात. बटाटा धरतो खाली, मातीत,
जिथे काळोख मोजायला कुणी नाही.
मधे वीतभर खोड.
एवढ्या अंतरात कोण कुणाला काय सांगतं,
यात माझी नऊ वर्षं गेली.

आई विचारते, सापडलं का?
मी म्हणते, पान निरोप पाठवतं, आरएनएचा,
एक धागा, रसवाहिनीतून उतरतो,
वाटेत तुटूही शकतो.
मग पत्रच की, आई म्हणते.
तिच्या वेळचं पत्र, जुन्नरहून चार दिवस.
मी हो म्हणते.
वाचून झालं की हे पत्र फार दिवस उरत नाही,
एवढं फक्त सांगत नाही.

त्याचा सगळ्यात मोठा वैरी आपलाच हात.
घामात, कातडीवर असतं ते विकर;
नुसतं बोट लागलं की वाक्य संपलं.
म्हणून हातमोजे, त्यावर हातमोजे,
पिपेट हातात असताना बोलणं बंद.
रेवणला पहिल्या दिवशी हेच शिकवलं :
ज्याच्यावर जीव आहे त्याला उघड्या हाताने शिवू नकोस.
तो हसला.
सहा महिन्यांनी त्याची नळी रिकामी निघाली
तेव्हा नाही हसला.

दर संकष्टीला नेमका ऑटोक्लेव्ह लागतो.
प्रयोग संपलेले कंद, जनुक बदललेले,
खायचे नाहीत, फेकायचे तेही मारून.
मजलाभर उकडलेल्या बटाट्याचा वास.
घोडकेमामा उपासाचे, झाकण काढताना तोंड फिरवतात :
एकदा तरी मीठ-जिरं घालून द्या हो मॅडम.

मंगळवारी पत्र आलं, ते मात्र न तुटता.
वरिष्ठ पोस्टडॉक. कलम सात, उपकलम ब :
मुदत एकतीस मेनंतर वाढवता येणार नाही.
यापूर्वी तीनदा वाढवली आहे, याची नोंद घ्यावी.
घेतली.
'वरिष्ठ' या शब्दाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
अडतिसावं चालू आहे.
पस्तिशीची अट असलेल्या जाहिराती मी अजून वाचते,
शेवटच्या तारखेसकट.

रात्री दीडला मायक्रोस्कोप माझ्या नावावर होता.
कलम क्रमांक सतरा. वरचा भाग आमचा, खूण घातलेला;
खालचा साधा, मंडईतल्यासारखा.
पाडव्याच्या सुट्टीत मीच ब्लेडने कापून
सिलिकॉनच्या चिमट्यात बांधलं होतं.
छेद काचेवर. दिवा बंद.
सांध्याच्या वर हिरवे ठिपके, ते अपेक्षितच.
सांध्यात काही नाही.
मग खाली, एका पेशीच्या कडेला,
एक.

हलला.

धूळ असेल.
झाडाच्या भिंती आपल्या आपणही उजळतात,
हे मीच सांगते सगळ्यांना.
दुसरा दिसेपर्यंत मोजायचा नाही.
मी मोजला नाही.
न मोजता साडेचारपर्यंत बघत बसले.
तलावाकडून मोर ओरडायला लागले
तोवर छेद वाळून गेला होता.

उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये माझे अकरा डबे आहेत.
झाकणांवर परत नावं घालतेय,
दुसऱ्याला लागेल अशा अक्षरात.
बोटं बधिर होतात, मधेच थांबावं लागतं.
रेवण दारात : मॅडम, निरोपाचं काय करायचं?
शुक्रवार चालेल? सामोसे सांगू?
मला क्षणभर दुसराच निरोप ऐकू येतो.
म्हणते, सतरा नंबर पुन्हा बांध,
नव्या रोपावर. बघशील ते सांध्याच्या खाली, वर नको.
आणि हातमोजे घाल.